हंड्याला लावलेला कान

हजेरीपटावर त्यांचं एक व्यवस्थित, आडनावासकट नाव होतं. पण ते वाचायची वेळ फक्त टाइम ऑफिसच्या कारकुनावर यायची. बाकी सगळा कारखाना त्यांना बुडबुडे म्हणायचा. वरचे लोक ‘अहो बुडबुडे’ म्हणायचे, बरोबरीचे ‘काय बुडबुडे’ आणि नवीन लागलेले ‘बुडबुडेकाका’. एकदा तर साहेबांनी त्यांच्या रजेच्या अर्जावर ‘श्री. बुडबुडे यांस मंजूर’ असं लिहून सही ठोकली होती. त्यात काही चुकलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बुडबुडेंच्यासुद्धा नाही.

हे नाव त्यांना हंड्यामुळे मिळालं. हंडा म्हणजे दोन पुरुष उंचीचं, पोट सुटलेलं, गंजाच्या खपल्या धरलेलं लोखंडी पिंप. कारखान्याच्या एका अंगाला रसायनांच्या टाक्या होत्या. टाक्यांमध्ये साठणारा गॅस एका जाडजूड पाइपातून दुसऱ्या अंगाला न्यायचा आणि उंच चिमणीच्या टोकावर जाळून टाकायचा, असा रिवाज. ऐकायला सोपं आहे. पण पाइपात गॅस आणि पाइपाच्या टोकाला ज्वाळा, हा संसार मुळातच धोक्याचा. ज्वाळेला मागे यायची भारी हौस. गॅस जरा मंदावला की ती पाइपात तोंड घालते आणि टाक्यांच्या दिशेनं अशी पळत सुटते की माणसाला ‘अरे’ म्हणायलाही सवड मिळत नाही. तिला अडवायला मध्ये हा हंडा. त्यात पाणी. येणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडवलेलं. गॅस पाण्यातून बुडबुड्यांनी वर यायचा आणि पुढे चिमणीकडे जायचा. प्रत्येक बुडबुडा सुटा, एकटा. एका बुडबुड्यातून दुसऱ्यात उडी मारायची तर मध्ये पाणी. तिथे ज्वाळेचे पाय भिजतात आणि ती जागीच मरते.

मात्र पाणी कमी झालं, की बुडबुडे एकमेकांचे हात धरतात. हंड्याच्या पोटात गॅसचा बोगदाच तयार होतो आणि ज्वाळेला वाट मोकळी. बरं, म्हणून पाणी भसाभसा ओतावं, तर गॅसला पुढे जाता येत नाही, टाक्यांमधला दाब चढतो आणि टाक्यांची झाकणं शिट्ट्या मारायला लागतात. थोडक्यात, हंड्याचं पोट भुकेलं ठेवूनही चालत नाही आणि तुडुंब भरूनही नाही. पाणी दिसावं म्हणून हंड्याला एक काचेची नळी होती. पण गॅसबरोबर येणाऱ्या काजळट तवंगानं ती तीन दिवसांत काळी ठिक्कर पडायची. ती पुसणं आणि नशिबाला दोष देणं, दोन्ही सारखंच निरुपयोगी.

म्हणून बुडबुडे. सव्वीस वर्षं रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला ते जाळीच्या कुंपणाचं दार उघडून आत जायचे, हातभर लांबीचा एक शिसवी दांडका हंड्याच्या पोटाला टेकवायचे, त्याचं दुसरं टोक कानामागच्या हाडावर दाबायचे आणि डोळे मिटायचे. ‘बुडुक, बुडुक’ असं सुटं सुटं ऐकू आलं तर पाणी बरोबर. त्या आवाजांचे सांधे जुळायला लागले की पाणी कमी. अगदी जड, रेंगाळत यायला लागले की जास्त. मग वहीत लिहायचं, ‘बरोबर’, आणि खाली सही. पाण्याच्या व्हॉल्व्हला कुलूप होतं आणि त्याची किल्ली बुडबुडेंच्या कमरेला. कारखान्याच्या मालकाकडेही ती नव्हती. ही गोष्ट बुडबुडे पाहुण्यांना सांगायचे, पाहुण्यांनी विचारलं नसलं तरी.

आता बुडबुडेंच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि गेली दोन वर्षं त्यांना ऐकू येत नव्हतं.

हे फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं. तिला ते सांगायची गरजही पडली नाही. दारावरची बेल तीनदा वाजली आणि नवरा दाराशेजारीच बसून शांतपणे नखं कापत राहिला, तेव्हाच तिला कळलं. ती खमकी बाई. रडारड वगैरे न करता तिनं कामाची पद्धत ठरवून टाकली. घरात ती त्यांच्या समोर येऊन, ओठ नीट हलवून बोलायची. बाहेर गेलं की त्यांचा कोपर धरून उभी राहायची: एकदा दाबलं की ‘हो’ म्हणायचं, दोनदा दाबलं की ‘नाही’. एकदा एका समारंभाच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून तिचा हात दोनदा दाबला गेला, आणि ‘ही तुमची मिसेस ना?’ या प्रश्नाला बुडबुडेंनी हसतमुखानं ‘नाही’ म्हटलं. घरी आल्यावर ती जे बोलली ते त्यांना अक्षरन्‌ अक्षर समजलं.

कारखान्यातल्या वार्षिक तपासणीतून ते दोन्ही वर्षं सुटले, कारण दवाखान्यातला कंपाउंडर दहा पावलांवर समोर उभा राहून दरवर्षी तेच विचारायचा, ‘ऐकू येतं का?’ त्याचे ओठ थांबले की बुडबुडे ‘येतं’ म्हणायचे. उत्तीर्ण.

आणि हंडा? हंडा त्यांना ऐकू येत होता. बायकोचं बोलणं नाही, रस्त्यावरचा हॉर्न नाही, पण दांडका हाडाला लावला की ‘बुडुक, बुडुक’ आतमध्ये स्पष्ट उमटायचं. त्यांना वाटायचं, ही देवाची मेहेरबानी. फक्त कधीकधी, दाढी करताना वगैरे, एक घाणेरडा विचार डोकं वर काढायचा. आपल्याला खरंच ऐकू येतं, की सव्वीस वर्षांची नुसती सवय आत वाजत राहते?

“वेड्यासारखं काहीतरी बोलू नका,” बायको ओठ ताणून म्हणायची. “चौदा महिने काढा. मग काय तो हंडा आणि काय ते कान, दोन्ही गेले खड्ड्यात.”

पण कारखान्यात एक फोरमन होता. स्वभावानं दुष्ट म्हणावा असा नव्हता. हातात जरा मोकळा वेळ असलेला माणूस होता, आणि ते जास्त वाईट. त्याच्या लक्षात आलं की बुडबुडे पाठीमागून मारलेल्या हाकेला वळत नाहीत. मग तो आणि त्याचा दोस्त वेल्डर यांनी पंधरा दिवस शास्त्रीय प्रयोग केले. बुडबुडे पुढे चालले की हे मागून हाक मारायचे. पहिल्या दिवशी ‘अहो बुडबुडे’. मग ‘ए बुडबुड्या’. मग ‘ए माकडा’. दुसऱ्या आठवड्यात प्रकरण अशा शब्दांपर्यंत गेलं की यंत्रावरची माणसं कानांवर हात ठेवून हसायची, आणि बुडबुडे मात्र डबा हलवत, ताठ मानेनं, कुणा मोठ्या माणसासारखे पुढे चाललेले. लोक आपल्याकडे बघून हसताहेत हे दिसल्यावर तेही मान डोलावून हसायचे. ते पाहिल्यावर तर वेल्डरला खालीच बसावं लागायचं.

“ठार बहिरा आहे रे,” फोरमन डोळे पुसत म्हणाला. “आणि म्हणे हंडा ऐकतो! त्याच्या दांडक्याची एकदा परीक्षाच घेऊ.”

महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरक्षा अधिकाऱ्यांची फेरी असायची. अधिकारी नवे होते. हेल्मेटवरचं दुकानातलं लेबलसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. दहा वाजता बुडबुडेंनी दांडका लावला, डोळे मिटले. बुडुक. बुडुक. बुडुक. सुटं, गोल, मोत्यासारखं. त्यांनी डोळे उघडले, वहीत ‘बरोबर’ लिहिलं आणि सही केली.

फोरमन मुद्दाम त्यांच्या तोंडासमोर आला. ओठ चांगले रुंद करून म्हणाला, “बुडबुडे, एक सांगायचं राहिलं. सकाळी आठला आम्ही दोघांनी खालच्या गाळाच्या व्हॉल्व्हमधून हंड्यातलं वीतभर पाणी सोडून दिलं.”

“मोजून वीतभर,” वेल्डरनं आपली वीत पसरून दाखवली.

बुडबुडेंनी एकदा त्याच्या वितीकडे पाहिलं, एकदा वहीकडे. मग पुन्हा दांडका लावला. बुडुक. बुडुक. सुटंच. त्यांनी दांडक्याचं टोक फिरवलं, दुसऱ्या कानामागे लावलं, हंड्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन लावलं. सगळीकडे तोच आवाज. तो इतका बरोबर होता की त्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटला.

वीतभर पाणी गेल्यावर असा आवाज येणं शक्यच नाही. म्हणजे हा हंड्याचा आवाज नाही. म्हणजे तो डोक्यातला. म्हणजे दाढी करताना येणारा तो विचार खरा.

कुणी म्हणेल, एवढ्यावर विश्वास कशाला ठेवायचा? ‘खोटं बोलताय लेको’ म्हणून उडवून लावायचं. कान धड असलेल्या माणसाला ते जमतं. पण ज्याला दाराची बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, लेकीचा फोन आला की जो बायकोकडे बघत राहतो, त्यानं आपल्या कानाची बाजू कुठल्या तोंडानं घ्यायची? इकडे कुंपणाबाहेर टाक्यांच्या बाजूला ऐंशी माणसं कामाला होती. वारा फिरला असता, गॅस मंदावला असता, तर ज्वाळा कुणाचे चौदा महिने मोजत बसली नसती.

फोरमनला हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ‘गंमत केली हो’ एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणायची हीच वेळ होती. पण समोरचा घाम बघण्यात इतकी मजा होती की त्याला वाटलं, अजून एक मिनिट.

“साहेब,” बुडबुडे अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, “मला ऐकू येत नाही.”

“काय?” अधिकारी म्हणाले.

“दोन वर्षं झाली. माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. हंड्याचं येतं असं वाटत होतं. तेही गेलं बहुतेक. मी चुकीची सही केली. आधी हंड्यात पाणी सोडू द्या, मग काय ते बोला.”

ते वळले, वाकले आणि त्यांनी कमरेची किल्ली कुलपाला लावली.

आता मात्र फोरमन ओरडला, “अहो बुडबुडे, थांबा! थट्टा होती! पाणी काढलेलंच नाही!”

तो ओरडला बुडबुडेंच्या पाठीला. बुडबुडेंनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

त्यानंतरची दोन मिनिटं कारखान्यात पुढे बरेच दिवस नकला करून दाखवली गेली. वेल्डर कुंपणाच्या अरुंद दारात अडकला. अधिकारी ‘थांबवा त्यांना’ म्हणून फोरमनलाच थांबवायला लागले. भोंग्यावरून कंट्रोल रूमचा माणूस किंचाळत होता, “हंड्यात कोण पाणी ओततंय? दाब चढतोय! झाकणं वाजायला लागली!” सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. ज्याला यायला हवं होतं तो तेवढा पाठमोरा उभा राहून मन लावून पाणी सोडत होता. शेवटी वेल्डरनं त्यांचं मनगट धरलं, व्हॉल्व्ह बंद केला आणि त्यांना वळवून, तोंडासमोर तोंड आणून सांगितलं, “काका, पाणी बरोबरच होतं. आम्ही खोटं बोललो.”

बुडबुडेंना ओठ वाचता यायचे. तरी त्यांनी ते दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं तो आनंद होता, आणि हीच त्या दिवसातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. “म्हणजे मला ऐकू येतंय!” ते अधिकाऱ्यांना म्हणाले. “साहेब, हंडा ऐकू येतोय मला! बघा, मी बरोबर सही केली होती!”

“हंडा बरोबर होता हे चांगलंच झालं,” अधिकारी म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते, नवे होते. “पण तुम्ही मघाशी जे म्हणालात ते मी ऐकलंय. आणि मी जे ऐकतो ते मला लिहावं लागतं.”

बुडबुडेंना दवाखान्यात पाठवलं. या खेपेला कंपाउंडर त्यांच्या मागे उभा राहिला. मग एका बंद खोलीत कानांवर यंत्र चढवून बसवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बुडबुडेंनी एकदाही बटण दाबलं नाही. शेवटी त्यांनी पिशवीतून दांडका काढून डॉक्टरांपुढे धरला. “हा लावून बघा साहेब. हवेतलं नाही ऐकू येत मला. हाडातून येतं.”

डॉक्टर हसले. फॉर्मवर दांडक्याचा रकाना नव्हता. त्यांनी ‘अपात्र’ लिहिलं आणि वर प्रेमानं पाठ थोपटली.

फोरमनला थट्टेबद्दल तोंडी समज मिळाली. पण पुढच्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, थट्टेतून का होईना, दोन वर्षं लपलेला एक धोका यानं उघडकीला आणला. म्हणून त्याला सुरक्षेतल्या दक्षतेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, चौकटीसह. आणि दक्ष माणूस म्हणून हंड्याची किल्ली आणि बुडबुडेंचा दांडकाही. बुडबुडेंना कँटीनच्या कुपनांच्या खिडकीत बसवलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला, जिथे एका वेळी चाळीस माणसं ओरडतात तिथे. लोक बोटं दाखवून किती चहा ते सांगायचे. काही जण करमणूक म्हणून बोटं पाठीमागे लपवून नुसतेच ओठ मिटून उभे राहायचे.

तीन आठवड्यांनी एका दुपारी वारा सुटला. चिमणीवरची ज्वाळा एका अंगाला लोळायला लागली. चार वाजता फोरमननं दांडका लावला आणि त्याला काहीतरी वेगळं ऐकू आलं. वेगळं म्हणजे कमी की जास्त, ते कळेना. इतके दिवस तो खुर्चीत बसूनच ‘बरोबर’ लिहीत होता. आज वाऱ्यामुळे धास्ती वाटून उठला होता. तो धावत कुपनांच्या खिडकीशी आला, बुडबुडेंचा हात धरला आणि त्यांना ओढत हंड्यापाशी घेऊन आला.

दारात अधिकारी उभे. “अपात्र माणूस कुंपणाच्या आत नाही,” ते म्हणाले. “माझी नोकरी जाईल.”

“मग ते ऐकणार कसे?”

“तुम्ही ऐका आणि त्यांना सांगा. ते बाहेरून सल्ला देतील.”

तेव्हा सगळ्या शिफ्टनं हे दृश्य पाहिलं. फोरमन हंड्याला दांडका लावून वाकलेला, आणि कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून बाहेर बुडबुडे. फोरमन ऐकायचा, मग जाळीशी पळत यायचा आणि तोंडानं तो आवाज काढून दाखवायचा. “बुडबुडबुड! असं येतंय! मध्येच गूंऽऽ असं!” गाल फुगवून, मान हलवून, जीव तोडून. लोकांनी पोटं धरली. बुडबुडे त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलत होते, गाल फुगत होते. तो बुडबुडा सुटा होता की जोडलेला, हे कुठल्या ओठावर वाचायचं?

“पुन्हा,” ते म्हणाले.

फोरमननं पुन्हा केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “काका, पाणी सोडू की नको? तेवढं सांगा. हात जोडतो.”

सोड म्हणावं आणि पाणी आधीच जास्त असलं, तर टाक्या. नको म्हणावं आणि कमी असलं, तर ज्वाळा. बुडबुडेंनी एकदा अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकारी दारातून हलले नाहीत.

“मला हंडा ऐकू येतो,” बुडबुडे फोरमनला म्हणाले. “तू ऐकू येत नाहीस.”

मग एकच मार्ग उरला. अधिकाऱ्यांनी सगळा कारखाना बंद करायला लावला. टाक्यांकडून येणारा गॅस तोडला, चिमणी विझली, ऐंशी माणसं फाटकाबाहेर वाऱ्यात उभी राहिली. हंडा रिकामा करून, मोजून, पुन्हा भरून यंत्रं सुरू व्हायला दुसरा दिवस उजाडला. पाणी कमी होतं की जास्त, हे त्या गडबडीत कुणी लिहूनही ठेवलं नाही.

फाटकाबाहेर मात्र निकाल लागला होता. आधी कुणीतरी पुटपुटलं, मग सगळेच म्हणायला लागले. म्हाताऱ्याला कळलं होतं. मुद्दाम सांगितलं नाही. सूड घेतला. फोरमन तर शपथेवर सांगत होता, “मी हुबेहूब काढून दाखवला आवाज. जरा कान असलेल्या कुणालाही समजला असता.” त्याच्या आवाजात दुखावल्याचा सच्चा सूर होता. बुडबुडे गर्दीतून बाहेर पडले तेव्हा माणसं बाजूला झाली, आणि पाठीवर काय काय आलं ते त्यांना कळलं नाही.

घरी बायकोला सगळी बातमी त्यांच्या आधी पोचली होती. तिनं त्यांच्या हातातला डबा घेतला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल ओढून बसली. खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर होता.

“अहो,” ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवून, “खरं सांगा. मुद्दाम नाही ना केलंत?”

बुडबुडेंनी तिच्याकडे पाहिलं. मग कानामागे हात नेला, मान जराशी पुढे केली आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ऐकू न आल्याचं सोंग केलं.